वारा नसलेली पायरी

वेरळसड्यावरच्या सात नंबरच्या खांबाला पहिला नारळ फुटला, तेव्हा केतकी घाडी शहरातल्या एका परिषदेत त्याच खांबाविषयी भाषण करत होती. भाषण झकास झालं. टाळ्या पडल्या. खाली उतरून तिने फोन पाहिला, तर वडिलांनी फोटो पाठवला होता. खांबाच्या पायाशी फुटका नारळ, वर अबोलीची वेणी आणि दगडाला चांगला बोटभर शेंदूर. खाली आबांनी लिहिलं होतं, ‘तुझो खांब देव झालो गो. अभिनंदन.’

केतकीने कपाळाला हात लावला. त्या खांबाचं काम माणसांना जवळ बोलावणं नव्हतं, तीनशे वर्षं लांब ठेवणं हे होतं.

सड्याखाली, म्हणजे गावावरच्या त्या कातळी पठाराखाली, काय होतं ते सांगायला हवं. कारखान्यांच्या आणि वीजकेंद्रांच्या धुराड्यांतून निघणारा कर्बवायू गाळून घ्यायचा, दाबून दाबून जवळजवळ पाण्यासारखा घट्ट करायचा आणि नळीने अडीच हजार फूट खाली सोडायचा, असा तो प्रकल्प. कोकणचा काळा कातळ म्हणजे थिजलेला लाव्हा. आंबोळीला जाळी पडते तशी त्याच्या काही थरांना बारीक जाळी असते. वायू त्या जाळीत शिरतो, कातळातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमशी त्याची सोयरीक जुळते आणि हळूहळू त्याचा पांढरा दगड होतो. एकदा दगड झाला की तो पुन्हा आभाळात जाऊन पृथ्वी तापवत नाही. गेली चार वर्षं वेरळसड्याच्या पोटात असा वायू भरला जात होता.

अडचण एवढीच, की सगळ्या वायूचा दगड व्हायला तीनशे वर्षं लागणार होती. तोवर तो खाली राहायचा तो वरच्या एका अखंड खडकाच्या भरवशावर. या झाकणाला भोक पडलं, तर वायू वर येणार. त्याला रंग नाही, वास नाही. हवेपेक्षा जड असल्यामुळे तो उडूनही जात नाही. पाण्यासारखा उतार शोधतो आणि सखल जागी साचतो. आणि वेरळची सगळी वस्ती सड्याच्या कुशीतल्या खोलगटात.

ही जागा सुचवली होती प्रकल्पाची भूवैज्ञानिक असलेल्या केतकीनेच. दुसऱ्याच्या गावात पुरण्यापेक्षा स्वतःच्या गावात पुरलं, तर आपण नीट पुरू, असा तिचा साधा हिशेब होता.

खांब मात्र तिचा एकटीचा नव्हता. तीनशे वर्षांनी भाषा बदलेल, लिपी कदाचित कुणाला वाचता येणार नाही, म्हणून भाषातज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, शिल्पकार अशी मोठमोठी डोकी सहा वर्षं एकत्र बसली होती. त्यातून निघाले हे बारा ग्रॅनाइटचे खांब. प्रत्येकावर डोळे वटारलेला, जबडा वासलेला चेहरा. त्याखाली ‘थांब’ म्हणणारा उघडा पंजा. आणि तळाशी आडवी पडलेली मेलेली माणसं. जगातला कुठलाही माणूस हे बघून पळून जाईल, असा अहवाल होता. त्या अहवालवाल्यांपैकी एकही जण कोकणात आलेला नव्हता, हे खरं. पण केतकी तर इथेच वाढली होती! तिलाही कळू नये, म्हणजे कमाल झाली.

दुसऱ्या दिवशी ती सड्यावर पोचली, तेव्हा सरपंच रजनी राऊळ तिथे दोरी लावून जागा मोजत होत्या. शेजारच्याच त्या, केतकीला अंगाखांद्यावर खेळवलेल्या.

“केतकी, इलंस? बरा झाला. ह्या बघ, हयसून थंयसर सभामंडप, आणि बाजूक बोअर. येणाऱ्या-जाणाऱ्याक पाणी नको?”

“काकी, हो देव नाय. ही धोक्याची पाटी असा.”

“धोक्याची?” रजनीकाकींनी पंजाकडे बोट दाखवलं. “असो हात कोण करता? आमका आशीर्वादाचो हात कळाचो नाय काय?”

“तो ‘थांब’ म्हणता.”

“आणि डोळे बघ कसे राखणदारासारखे!”

“आणि खाली आडवी पडलली माणसां? ती मेलली असत, काकी.”

“मेलली खंयची! लोटांगण घालतत ती.”

केतकीने खांबाकडे नव्याने पाहिलं. खरंच लोटांगण घालत होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं.

तिने इथे खोदायला कायद्याने बंदी आहे याची आठवण करून दिली. काकींनी मोबाइल काढून परवानगीच दाखवली. देवस्थानासाठी पिण्याच्या पाण्याची बोअर, अर्ज केला, एका दिवसात मंजूर. बंदीचा नकाशा ज्या कार्यालयात होता, त्याचं चार वर्षांत तीनदा नाव बदललं होतं, आणि तिसऱ्या बदलात तो नकाशा कुठल्या कपाटात गेला हे कुणालाच ठाऊक नव्हतं. चार वर्षांत ही तऱ्हा, तर तीनशे वर्षांचं काय!

“किती खोल मारतलास?”

“सातशे फूट.”

झाकणाचा खडक अठराशे फुटांवर होता. म्हणजे आजच्या बोअरने काहीच झालं नसतं. केतकीने तेही खरं खरं सांगितलं. पण इथे देऊळ झालं की दुकानं येणार, घरं येणार. सातशे फुटांचं पाणी आटलं की हजार, मग दीड हजार. कुणाचा तरी नातू, नाहीतर खापरपणतू, एक दिवस झाकण फोडणार.

रजनीकाकी हसल्या. “माझ्या वाडीत आज पाणी नाय, आणि तू माका खापरपणतवाची भीती घालतंस? तुका ना पोर ना बाळ, तुका कित्याक गो एवढी काळजी?”

त्या प्रेमानेच बोलल्या, आणि म्हणूनच ते जास्त लागलं. बोअरची गाडी रविवारी यायची होती. त्याच दिवशी वाडीची राखण, म्हणजे मृगाआधी गावच्या राखणदाराला नारळ देऊन गाऱ्हाणं घालायचं. आणि राखणीच्या आधी, शुक्रवारी, बोअरसाठी देवाचा कौल घ्यायचा असं ठरलं होतं.

कौल लावायचे आबा. दशरथ घाडी. गाऱ्हाणं घालायचेही तेच. घाडीपण, म्हणजे गावाच्या वतीने देवाशी बोलायचा मान, त्यांच्या घरात किती पिढ्या होता, ते मोजायला कुणी बसलं नव्हतं. पण त्यांच्या पुढे कोण, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. कुणीच नाही. आबांना केतकी एवढी एकच मुलगी, आणि बाईमाणसाने गाऱ्हाणं घातल्याचं वेरळात कुणी ऐकलं नव्हतं.

ती घरी आली, तेव्हा आबा पडवीत कोकमासाठी रातांबे फोडत बसले होते. हात कोपरापर्यंत लाल. तीही समोर बसली आणि सालं वेगळी करू लागली.

“आबा, माझा एक काम करशात?”

“जेवण करूचा सोडून काय पण सांग.”

“शुक्रवारी कौल लावताना उजवी पाकळी जरा जास्ती ओली करा.”

आबांचा हात थांबला. देवाच्या पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नको. जास्त ओली पाकळी लवकर पडत नाही, हे कळायला पदार्थविज्ञानाची पदवी लागत नाही.

“देवाक फसवूक सांगतंस?”

“पुढच्या माणसांक वाचवूक सांगतंय.”

आबा हसले नाहीत, रागावलेही नाहीत. त्यांनी रातांब्याची बी वाटीत टाकली. “तीनशे वर्सांनी हयसर माझ्यासारखो कोणतरी कौल लावणारो असतलो मां? तेका कोणी अशीच गळ घातल्यान, उलट बाजून, तर? आज लबाडी करून तुझा काम होयत. पण घाडी लबाड असा ह्या एकदा गावाक कळला, की मगे खरा सांगलला पण कोण आयकाचा नाय. तुका जा टिकवूचा असा, ता खोट्यार टिकाचा नाय गो बाय.”

तिला त्यांचा राग आला आणि त्यांच्याविषयी भयंकर अभिमानही वाटला. दोन्ही एकदम. तिने चिडून पाच-सहा रातांबे उगाच जोरात फोडले.

“पोर नाय म्हणान रजनी काय बोलली काय?” आबांनी खाली बघूनच विचारलं.

“तुमका कोणी सांगल्यान?”

“तुझा तोंड सांगता. ऐक. स्वतःची पोरां असलली माणसां तेंच्यापुरती काळजी करतत. तुका सगळ्यांची करूक मोकळीक असा.”

आता उपाय एकच होता. वाडीला दुसरीकडे पाणी काढून द्यायचं. गुरुवारी सकाळी ती आणि तिचा पंधरा वर्षांपासूनचा सहकारी इरफान मुकादम जमिनीखालचं दाखवणारा रडार ढकलत सड्याच्या पूर्व कडेने निघाले. अकराच्या सुमारास करवंदीच्या जाळीखाली पडद्यावर एक पोकळी उमटली. चौकोनी. निसर्ग चौकोन काढत नाही. दोघांनी जाळी तोडली, खाली मातीने झाकलेली भली थोरली शिळा निघाली. पहारीने ती सरकवली, तर आत जांभ्यात कोरलेल्या पायऱ्या.

“विहीर!” इरफान आनंदाने ओरडला. “मॅडम, पाणी असेल हो खाली!” आणि तो उतरूही लागला. वायू मोजायचं यंत्र गाडीत चार्जिंगला होतं. दुसऱ्यांना शंभर नियम शिकवणारी ही दोन माणसं पाण्याच्या नादात शाळकरी पोरांसारखी वागली.

सात, आठ, नऊ. नवव्या पायरीवर इरफान थांबला. वर बघून कसंनुसं हसला. “जरा बसतो,” म्हणाला आणि बसला. मग त्याची मान कलली.

केतकीने विचार केला नाही. छाती भरून श्वास घेतला, तो कोंडून धरला आणि धावत उतरली. त्याच्या काखेत हात घालून तिने त्याला कसंबसं वर खेचलं. एक पायरी, दोन, पाच. तिच्या कानात ढोल वाजत होते. वर कातळावर दोघं पालथी पडली, तेव्हा इरफान खोकत होता. खोकतोय म्हणजे आहे, एवढंच तिला कळलं, आणि ती रडायला लागली.

मग यंत्र आणून दोरीने खाली सोडलं. ते किंचाळलं. नवव्या पायरीवर कर्बवायू चौदा टक्के. एवढा वायू असलेल्या हवेत माणूस मिनिटाभरात आडवा होतो. तो प्रकल्पातला वायू नव्हता. नंतरच्या तपासणीत त्याचा एक कणही सापडला नाही. बंद जुन्या विहिरीत मुळं कुजतात, मातीतून वायू झिरपतो, आणि जड म्हणून तळाशी बसून राहतो. साधी गोष्ट. प्रकल्पातल्या गोष्टीची छोटी, जुनी बहीणच म्हणा.

आणि तिथे उन्हात पडल्या पडल्या केतकीला ती ओळ ऐकू आली. आबांच्या आवाजात. लहानपणापासून दर राखणीला ऐकलेली.

‘वारो नाय त्या पायरेर लेकराचो पाय पडांदे नको, म्हाराजा.’

त्यावर सगळं गाव ओरडायचं, होय म्हाराजा! तीही ओरडायची, सगळ्यांत मोठ्याने. शाळेतल्या कोंदट जिन्याला पोरं ‘वारो नाय ती पायरी’ म्हणून हसायची. तीस वर्षं ती होय म्हणत आली होती, आणि आज पहार घालून झाकण काढणारीही तीच.

आबा पडवीतच होते.

“आबा, पायरी गावली,” ती म्हणाली आणि सगळं सांगितलं.

आबांनी हातातले रातांबे खाली ठेवले. त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं होतं, आणि हात लाल असल्यामुळे पुसता येत नव्हतं. तिने पदराने पुसलं.

“मी बापाशीक एकदा इचारलंय,” ते म्हणाले. “म्हटलंय, बाबा, ही खंयची पायरी? तो म्हणालो, माका ठाऊक नाय. माझ्या बापाशीक पण नव्हता. पण ता गाळू नको. म्हणान मी गाळूक नाय.”

गावचे कागद दोनशे वर्षं मागे जातात. त्यात त्या विहिरीचा मागमूस नव्हता. म्हणजे त्याही आधी कुणी तरी तिथे मेलं होतं, कुणी तरी शिळा ठेवली होती, आणि कुणी तरी आपल्याला कधीच न दिसणाऱ्या लेकरांसाठी एक ओळ गाऱ्हाण्यात घातली होती. खांब नाही, अहवाल नाही. एक ओळ. आणि ती पोचली.

“पोचली खरी,” केतकी म्हणाली, “पण नुसते शब्द पोचले, आबा. अर्थ वाटेतच सांडलो. मी होय म्हटलंय आणि झाकण काढलंय.”

“मगे अर्थ डोळ्यांक दाखवूक व्हयो,” आबा म्हणाले. “दर वर्साक.” ते उठले, हात धुतले आणि देवघरातला छोटा कंदील घेऊन आले.

त्याच दुपारी आबांनी रजनीकाकींना विहिरीवर बोलावून घेतलं. इरफानही होता, अजून पांढराफटक. केतकीने यंत्र दाखवलं.

“यंत्र तुझा,” काकी म्हणाल्या. “तेतूरलो आकडो पण तुझोच.”

“मगे तुमचो दिवो आणा,” आबा म्हणाले.

काकींनी खरंच घरून आपला कंदील आणवला. आपली वात, आपलं तेल. दोरीला बांधून त्या स्वतः तो सोडू लागल्या. आठ पायऱ्यांपर्यंत ज्योत सरळ होती. नवव्यापाशी ती बारीक झाली आणि गेली. वाऱ्याची झुळूक नाही, पाण्याचा थेंब नाही. काकींनी कंदील वर घेतला, पेटवला, पुन्हा सोडला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्यांनी वात मोठी केली, तरी तेच.

“आमची पोरां हयसर करवंदां काढूक येतत गो,” त्या हळूच म्हणाल्या आणि कातळावर बसल्या.

“हयसर शिळा होती, काकी. थंय खाली पण तशीच शिळा असा. फक्त तेच्याखाली वायू असा तो ह्या विहिरीतल्याच्या करोडो पट.”

काकींनी विहिरीच्या त्या काळ्या तोंडाकडे एकदा पाहिलं. मग त्यांनी बोअरवाल्याला फोन लावला आणि गाडी आणू नको म्हणून सांगितलं. कौलाची गरजच उरली नाही. पाणी केतकीने दुसऱ्या दिवशी शोधून काढलं: सड्याच्या पायथ्याशी व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, वरच्या अंगाला एक झरा, टाकी बांधली तर वाडीला पुरेल असा. टाकीसाठी काकींनी तिला पुरतं पिळून घेतलं, ते वेगळं.

आबांनी मग मनातलं सांगितलं. दर राखणीला सात वर्षांच्या पोरांनी या विहिरीत दिवा सोडायचा. काकी पुन्हा उसळल्या.

“देवाच्या दिवशी पोराच्या हातान दिवो घालवूचो? अशुभ ता! आमी दिवो गेलो असा तोंडान पण म्हणणव नाय!”

“म्हणानच तर,” आबा म्हणाले. “शुभ गोष्टी लोक विसारतत, रजनी. ह्या कोण विसराचा नाय.”

सात नंबरच्या खांबाचं देवपण मात्र कुणी काढून घेतलं नाही. ते कुणाच्या बापाला जमलं नसतं. काकींनीच नियम घालून दिला, की या देवाला छप्पर चालत नाही, पाणी चालत नाही, आणि त्याच्याजवळ वस्ती केलेली त्याला मुळीच खपत नाही. नारळ ठेवायचा आणि घरी जायचं. सहा वर्षं बसलेल्या तज्ज्ञांना हे सुचलं नव्हतं.

रविवारी सगळा गाव सड्यावर जमला. विहिरीभोवती कठडा झाला होता. या वर्षी सात वर्षांची एकच मुलगी होती, काकींची नात अन्वी. तिने दोरी दोन्ही हातांनी धरली आणि जीभ बाहेर काढून, एकेक वीत मोजत, कंदील खाली सोडला. दिवा गेला. वातीचा धूर तेवढा खालीच रेंगाळला. अन्वीने वर आजीकडे पाहिलं.

आबांनी नारळ हातात घेतला आणि गाऱ्हाणं सुरू केलं. बा देवा म्हाराजा. गुरावासरांसाठी, होय म्हाराजा. मुंबईला गेलेल्यांसाठी, होय म्हाराजा. वारा नसलेल्या पायरीची ओळ आली, आणि तिथे आबा थांबले. त्यांनी नारळ केतकीसमोर धरला.

“फुडला तू सांग.”

“आबा, मी? माका येणा नाय.”

“पुरलंस तू. सांगतलंस पण तूच.”

गर्दीत कुजबुज झाली. केतकीने नारळ घेतला. शंभर परिषदांत भाषणं केलेल्या बाईने तो आबांसारखाच दोन्ही हातांत धरला.

“बा देवा म्हाराजा, आजपासून तीनशे वर्सां जो कोण ह्या सड्यार येयत, तेका आमचा सांगणा पोचव. आमी दिवे लावले, गाडये उडयले, गार घरात बसलो. तेचो धूर ह्या कातळाखाली पुरून ठेवलो. तुमका इचारूक नाय. तुमी जल्माक येवक नव्हतास. तेचो दगड होयपर्यंत हयसर भोक पाडू नकात. दिवो जाता तसो माणूस जाता. चुकी आमची असा, आणि भोग तुमका नको, म्हाराजा.”

दरवर्षी ओळ संपायच्या आत होय यायचा. या वेळी आला नाही. लोक अजून त्या विहिरीकडे बघत होते, केतकीने काय म्हटलं ते मनात घोळवत होते. ती घाबरली. मग अन्वीचा बारीक आवाज आला, आणि त्याच्या मागोमाग सगळ्या वेरळचा, सड्यावरून पार खाली वाडीपर्यंत गेला असेल असा:

“होय म्हाराजा!”

नारळ वाढवला गेला, खोबरं वाटलं गेलं. केतकी आबांपाशी आली. आबांचे डोळे भरलेले होते, पण चेहरा परीक्षकाचा.

“‘जल्माक येवक नव्हतास’ म्हटल्यार वायच थांबूक व्हया होता,” ते म्हणाले. “लोकांक आयकाक वेळ दी. पुढल्या वर्साक ध्येनात ठेव.”

“होय म्हाराजा,” केतकी म्हणाली.